सुरमई, साइजप्रमाणे

रविवारी दुपारी बाहेर जेवायला जाण्याचं रत्नागिरीकराला खरं तर काही कारण नाही. मिरकरवाड्याचं बंदर गावातच आहे. सकाळी लवकर उठायची तयारी असेल तर पिशवीतून ताजी सुरमई घरी येते. घरात ती साफ करणारं आणि रांधणारं माणूस असतं, आणि ते माणूस कुठल्याही हॉटेलातल्या आचाऱ्यापेक्षा बरं रांधतं याबद्दल घरात दुमत नसतं. (असलं तर बोलून दाखवायची पद्धत नाही.) तरीही रविवारी साडेबारा वाजले की मारुती मंदिर, जयस्तंभ, गोखले नाका, मांडवी अशा चारी बाजूंनी माणसं हॉटेलच्या दिशेने सरकू लागतात. स्कूटरवर चौघं, रिक्षात सहा, आणि सातवी आजी, जी पुढच्या फेरीला येणार असते. घरात जे शिजलं असतं तेच तिप्पट पैसे मोजून बाहेर मागवायचं, पहिला घास तोंडात टाकायचा, डोळे किंचित बारीक करायचे आणि म्हणायचं, "बरं आहे. पण घरच्यासारखं नाही."

हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणूनच घरची बाई रविवारच्या बेताला रुकार देते असा माझा संशय आहे. एरवी महिनाभर तिच्या कालवणात मीठ जास्त, तिरफळं कमी आणि आमसुलं गेल्या वर्षीची असतात. हॉटेलात बसून दहा मिनिटं झाली की ती सुगरण ठरते. तेवढ्यासाठी चार थाळ्यांचे पैसे गेले तर सौदा महाग नाही.

मी ज्या हॉटेलात बसून हे सगळं बघत आलो त्याचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर मलाच टेबल मिळायचं नाही, आणि तशी हॉटेलं गावात आणखीही आहेत. पुढे गाड्या लावायला जागा म्हणून जी दाखवतात तो नगरपरिषदेचा रस्ता. आत दोन भाग, साधा आणि एसी. मासा दोन्हीकडे एकाच तव्यावरून येतो, पण एसीत थाळीमागे पैसे जास्त पडतात. त्यामुळे त्या काचेच्या दारामागे मुंबईचे पाहुणे, बँकेचे बदली होऊन आलेले मॅनेजर आणि लग्नाची बोलणी करायला आलेली मंडळी एवढीच सापडतात. बाकी गाव पंख्याखाली. गल्ल्यावर मालक, मालकाच्या डोक्यावर पावसच्या स्वामी स्वरूपानंदांची तसबीर, तिच्या शेजारी गणपतीपुळ्याचा गणपती, त्याखाली 'उधारी बंद आहे' ही पाटी, आणि पाटीच्या बरोबर खाली उधारीची वही.

इथे घाई नसते. जेवून झाल्यावर हात वाळेपर्यंत गप्पा मारत बसलं तरी कुणी बिल आणून आदळत नाही. मोठ्या शहरांत म्हणे टेबल दीड तासासाठी देतात. आमच्याकडे दीड तास तर कोण आलं, कोण आलं नाही आणि जे आलं नाही ते का आलं नसेल यातच जातो. एकूण हे हॉटेल म्हणजे गावाची पडवी आहे, फरक एवढाच की या पडवीत बसल्याबद्दल जीएसटी लागतो.

आता इथवर पोचणं सोपं वाटत असेल तर तुमच्या घरात आत्या नाही. बेत ठरवायचा म्हणजे आधी वार काढायचा. आत्याचा सोमवार. काकूचा मंगळवार. काकांचा गुरुवार, तो गजानन महाराजांचा की दत्ताचा की दोघांचा मिळून हे काकांनाही नक्की सांगता येत नाही. वहिनीचा शुक्रवार. शनिवार मारुतीचा, आणि जिथे जायचं ते हॉटेलच मारुती मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा तसं बरं दिसत नाही. बुधवारी सगळ्यांना चालतं, पण सुट्टी कुणालाच नाही. उरला रविवार. सगळं घर 'ठरलं' म्हणतं, आणि तेवढ्यात आत्या भिंतीकडे बघत शांतपणे म्हणते, "त्या दिवशी संकष्टी आहे."

मग पुढचा रविवार. त्या दिवशी एकादशी. त्याच्या पुढच्या रविवारी कुणाच्या तरी सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. श्रावण तर सगळाच गेला. त्याला लागून गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. मार्गशीर्षात गुरुवारच पाळायचे असतात, पण आत्या खात्रीसाठी महिनाच पाळते. या सगळ्यातून फट काढून जो रविवार हाती लागतो तो बहुधा सरकारने मासेमारी बंद ठेवलेल्या काळात पडतो, कारण १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींना समुद्रात जायला मनाई. माशांना अंडी घालायला सवड मिळावी म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. माझं म्हणणं एवढंच की बाकीचे दहा महिने आमच्या आत्याने माशांना दिलेली सवड सरकारने कुठेतरी हिशोबात धरावी.

यातली गंमत अशी की ज्या कालनिर्णयावर बोट ठेवून आत्या आमचे बेत उधळते ते १९७३ साली सुरू करणारे जयंत साळगावकर मूळचे मालवणचे. ज्या गावात माणूस बांगडा ओळखायला आधी शिकतो आणि मुळाक्षरं नंतर, त्या गावच्या माणसाने घराघरांतल्या भिंतीवर संकष्ट्या टांगाव्यात, याला काय म्हणावं!

आषाढातला शेवटचा रविवार हे मात्र वेगळंच प्रकरण. त्या दिवशी पुढच्या महिन्याभराचं खाऊन ठेवायचं असतं. अंगणात पाऊस, दारात छत्र्यांचा ढीग, आत गर्दी. बोटींवरची बंदी नुकती उठलेली असते किंवा उठायची असते, त्यामुळे फळ्यावर सुरमई असली तरी ती फ्रीजमधून उठून आलेली असते. शहाणी माणसं त्या दिवशी कोंबडी-वडे सांगतात, आणि त्याहून शहाणी हलक्या आवाजात विचारतात, "सोडे आहेत का?"

दिवस ठरला, टेबल मिळालं, आता खायचं काय. हॉटेलात एक मेनूकार्ड असतं, प्लॅस्टिकमध्ये मढवलेलं. त्यात डाव्या हाताला पदार्थ आणि उजव्या हाताला किंमत, अशी साधारण जगभरची पद्धत. पण आमच्याकडे ज्या पदार्थासाठी माणूस आलेला असतो नेमक्या त्याच्यापुढे किमतीऐवजी 'ए. पी. एस.' अशी तीन अक्षरं असतात. अ‍ॅज पर साइज. भेंडी फ्रायची किंमत आहे, दालखिचडीची आहे, शेजवान राइसची आहे. सुरमई, पापलेट, हलवा, कुर्ल्या यांची फक्त साइज आहे. आमचे नाना जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. आकड्याच्या जागी अक्षरं दिसली की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो.

"सुरमई केवढ्याला?"

"साइजप्रमाणे, काका."

"साइज केवढी?"

"मोठी आहे."

"बारकी नाही?"

"बारकीपण आहे."

"मग बारकी केवढ्याला?"

"ते वजनावर."

हे बोलणारा मुलगा नेपाळचा. हापूसच्या बागांची राखण आणि बोटींवरची खलाशाची कामं करायला नेपाळी माणसं इकडे आली त्याला बरीच वर्षं झाली. आता वाढपही त्यांच्याकडे आलं आहे. ज्याने मिसरूड फुटेपर्यंत समुद्र पाहिलेला नाही तो पोरगा, ज्याची चौथी पिढी समुद्राकाठी वाढली त्या नानांना अस्खलित मराठीत सांगतो, "काका, आजचीच आहे." नाना विश्वास ठेवत नाहीत. मग ताटात घालून आख्खी सुरमई टेबलावर येते. नाना चश्मा पुसतात, कल्ले उचकटून आत लाल आहे का बघतात, डोळा फुगीर आणि स्वच्छ आहे का बघतात, बोटाने दाबतात आणि खड्डा भरून यायची वाट बघतात. एव्हाना शेजारच्या टेबलावरचे दोघं खुर्च्या वळवून यात सामील झालेले असतात. एकाचं मत रात्रीची आहे, दुसऱ्याचं मत पहाटेची आहे. आचारी दारात येऊन उभा राहतो. पाच-सात मिनिटं हा पंचनामा चालतो, मासा पास होतो, आणि नाना मेनूकार्ड मिटून म्हणतात, "ठीक. सुरमई थाळी सांगा सगळ्यांना." थाळीचा दर फळ्यावर लिहिलेला असतो.

थाळीत एक तळलेली तुकडी, वाटीत कालवण, सुकटीची किंवा कोळंबीची चटणी, दोन तांदळाच्या भाकऱ्या, भात आणि सोलकढी. यावर खरं तर आणखी काही लिहायची गरज नव्हती, पण तुकडीचं राजकारण मी इतकी वर्षं बघत आलो आहे की ते सोडवत नाही. सुरमई गोल असते, लांब असते, आणि तिच्या सगळ्या तुकड्या सारख्या नसतात. पोटाकडची मधली तुकडी जावयाची. ती त्याच्या ताटात पडेपर्यंत सासू वाढप्यावरची नजर काढत नाही. शेपटीकडची सुनेची. तिला ती आवडते असं फार पूर्वी एकदा कुणीतरी ठरवलं आणि तेव्हापासून तिला ती आवडते. मधल्या तुकडीचाही जाडीवरून वाद असतोच. तुकडी समोर आली की जेवणारा आधी ती काट्याने उचलतो, काट्याचा तेवढाच उपयोग, आणि आडवी धरून बघतो. "उजेडासमोर धरली तर पलीकडचा भाट्याचा पूल दिसेल," हे नाना दर खेपेला म्हणतात. मालक दर खेपेला हसतो. तुकडीची जाडी दर खेपेला तेवढीच असते.

खरी परीक्षा सोलकढीची. थाळी किती रुपयांना यावरून रत्नागिरीकर हॉटेल स्वस्त की महाग ते ठरवत नाही, सोलकढीची दुसरी वाटी न मागता येते का यावर ठरवतो. पहिली वाटी थाळीतली, तिच्यात उपकार नाही. दुसरी न मागता आली तर मालक माणूस आहे. तिसरी मागावी लागते, आणि ती मागताना आवाज किती चढवायचा याचं एक शास्त्र आहे. "जरा सोलकढी दाखवा हो" असं म्हणायचं, जणू नुसती बघायची आहे. रंगावरून सगळं कळतं. आगळ आणि नारळाचा दाट रस असेल तर फिकट, किंचित राखी झाक असलेला गुलाबी. फारच देखणा लालसर गुलाबी असेल तर बीटाने मदत केलेली असते. नारळ महागला की बाजारात बातमी यायच्या आधी ती सोलकढीत येते.

या सगळ्यात एक माणूस गप्प बसलेला असतो. तो शाकाहारी. प्रत्येक टोळक्यात एक असतोच, आणि त्याच्यासाठी प्रत्येक हॉटेलात एक व्हेज थाळी असते, जिच्यात पनीर असतं. इथे मात्र मला विनोद बाजूला ठेवावासा वाटतो. ज्या जिल्ह्यात मार्चमध्ये ओले काजू निघतात, कुयरीची भाजी होते, वालाचं बिरडं होतं, पावसात टाकळा आणि फोडशी उगवते, त्या जिल्ह्यात शाकाहारी माणसाला वर्षभर पनीर बटर मसाला का वाढायचा? हे मी मालकाला एकदा विचारलं. तो म्हणाला, "बिरडं लावतो उद्यापासून. वाल सोलायला तुम्ही येता?" मला त्यावर काही सुचलं नाही. वाल सोलायला कुणी येत नाही हेच पनीरच्या यशाचं रहस्य असावं.

दुसरी तक्रार पाटीबद्दल. हॉटेलबाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं 'अस्सल मालवणी जेवण'. हॉटेल रत्नागिरीत, मालक रत्नागिरीचा, मासा मिरकरवाड्याचा, मिरची घाटावरची, आचारी कुठलाही, आणि जेवण मालवणी. १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि मालवण तिकडे गेलं. जाताना त्यांनी किल्ला नेला ते समजू शकतो, किल्ला तिथेच होता. पण आमच्या सगळ्या हॉटेलांच्या पाट्याही नेल्या. आमच्या वाटणीला हापूस आला. तोही आता देवगडशी भांडून मिळवलेला.

आमच्या आजोबांच्या पिढीला यातलं काहीच कळलं नसतं. त्यांच्या लेखी पैसे देऊन जेवायचं ते घरचं माणूस जवळ नसेल तेव्हा. रत्नागिरी जिल्ह्यातला पुरुष मुंबईच्या गिरणीत, बायको-पोरं गावी, आणि गिरणगावात एखाद्या मावशीच्या खोलीत महिन्याच्या बोलीवर खाणावळ. अशा खाणावळी चालवणाऱ्या बायांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्याआधी त्यांचे कष्ट मोजायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्या खाणावळीत जेवून महिन्याला मनिऑर्डर करणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं असतं की तुझा नातू बायको घरी असताना, तिलाच बरोबर घेऊन, पैसे देऊन भाकरी खायला जाणार आहे, तर त्याने नातवाच्या प्रकृतीची चौकशी केली असती.

आणि गावातल्या गावातच बाहेर बसून खाणं ही एके काळी इथे चळवळ होती, हेही सोलकढीच्या नादात विसरायला होतं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१चं. १९३३ साली सावरकरांनी इथे अखिल हिंदू उपाहारगृह काढलं, तिथे कुठल्याही जातीच्या हिंदूला आत बसून चहा-फराळ करता यायचा. भेटायला येणाऱ्याने आधी तिथला चहा घ्यावा असा त्यांचा आग्रह असे, असं सांगतात. त्या एका कपाने घरोघरी केवढी वादळं उठली असतील! आज त्याच गावात माणूस शेजारच्या टेबलावर कोण बसलंय याची चौकशी करतो ती फक्त त्याच्या ताटातली तुकडी आपल्यापेक्षा जाड का, एवढ्यापुरती. काही बाबतींत आपण पुढे आलो आहोत.

मागच्या पिढीत साजरं करणं म्हणजे घरी पुरण किंवा मोदक. आता वाढदिवस, बढती, नवी स्कूटर, निवृत्ती, डोहाळजेवणाचं उरलेलं अर्धं निमंत्रण, सगळं याच पंख्याखाली होतं. दहावी-बारावीच्या निकालाच्या वेळी विचारू नका. कोकणाचं विभागीय मंडळ वेगळं झाल्यापासून निकालात आमचा विभाग राज्यात पहिला यायचा जवळजवळ रिवाजच आहे. अभिमानाची गोष्ट आहे, पण सगळेच पास झाल्यावर टेबल कुणाला मिळणार?

वाढदिवस बघावा तर आजीचा किंवा नातवाचा. हॉटेलात आल्यावर पहिली चौकशी, "केक बाहेरून आणला तर चालेल ना?" चालतो. केकचं खोकं सुरमईच्या ताटाशेजारी उघडलं जातं. सगळ्या टेबलावर कुर्ल्यांचे नांगे, कोळंबीची सालं, बांगड्याचे काटे यांचा खच पडलेला, आणि आजी केकवर बोट रोखून विचारते, "बिनअंड्याचा आहे ना?" आहे, असं सगळे एका सुरात सांगतात. मग आजी पिशवीतून निरांजन काढते. कुंकवाची डबी, अक्षता, सुपारी, अंगठी, सगळं पितळी डब्यात बसवून आणलेलं, कारण मेणबत्ती फुंकण्याआधी औक्षण व्हायलाच हवं. वात काही पेटत नाही. "पंखा बंद करा हो," आजी गल्ल्याकडे बघून म्हणते. मालक एक पंखा बंद करतो. वात विझते. दुसरा बंद करतो. शेवटी मुख्य बटण पडतं आणि मे महिन्यातल्या दुपारी दीड वाजता आख्खं हॉटेल, चाळीस अनोळखी माणसं, हातातले घास हातात धरून एका पाच वर्षांच्या मुलाला ओवाळून होईपर्यंत घामाने निथळत बसतं. कुणी कुरकुरत नाही. उलट कोपऱ्यातल्या टेबलावरची एक बाई ओरडून सांगते, "अहो, टोपी घाला त्याच्या डोक्यावर!" टोपी नसते. वाढपी मुलगा हातरुमाल देतो. मग पंखे सुरू होतात आणि टाळ्या पडतात, त्या मुलासाठी की पंख्यांसाठी हे सांगता येत नाही. केकचे तुकडे कागदी बशांतून गल्ल्यापर्यंत जातात, एखादा आचाऱ्यालाही.

बिलाचा प्रसंग थोडक्यात सांगतो. मित्रमित्र असतील तर टीटीएमएम, तुझं तू माझं मी, आणि मग व्हेज थाळीवाला पन्नास रुपये कमी देण्यासाठी जे भाषण करतो ते. नातेवाईक असतील तर गल्ल्यासमोर झोंबाझोंबी. "मी देतो", "तुम्ही मागच्या खेपेला दिलंत", "शपथ आहे माझी". यात कोणाचे पैसे घ्यायचे हे मालकाला बरोबर कळतं. जो सगळ्यांत मोठ्याने 'मी देतो' म्हणतो त्याचं पाकीट नेहमी मागच्या खिशात अडकलेलं असतं. नाना या वेळी हात धुवायला गेलेले असतात. ते आले की बिल मागवून घेतात, बेरीज करतात, ५ टक्के जीएसटी पुन्हा काढून बघतात, "बरोबर आहे" असं काहीशा निराशेने म्हणतात आणि बडीशेप घेतात. बशीत दहाची नोट ठेवतात. दारापर्यंत जाऊन परत येतात आणि आणखी दहाची ठेवतात, कारण पोराने सोलकढी न मागता दिली होती.

हे सगळं असंच चालावं अशी आमची इच्छा आहे, आणि त्याला धोका एकाच दिशेने आहे. एप्रिल-मे आला, शाळा सुटल्या की मुंबई-पुण्याची मंडळी येतात. त्यांना आधी थिबा पॅलेस दाखवायचा. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं, १९१० साली राजवाडा बांधून दिला आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं राहूनही तो पाहुणाच राहिला, तेव्हा रत्नागिरीकर कुणाला चटकन आपलं म्हणत नाही एवढं पाहुण्यांच्या लक्षात यावं. पण येत नाही. राजवाडा, रत्नदुर्ग, मग मांडवी असं करत दीडच्या सुमाराला मंडळी आमच्या हॉटेलात शिरतात, एसीत बसतात, थाळी सांगतात, तुकडी खातात, आणि बिल आल्यावर, दार उघडं असताना, खणखणीत आवाजात म्हणतात, "काय सांगता! एवढंच? किती स्वस्त! आमच्याकडे एवढ्यात नुसती सोलकढी येते."

पंख्याखालचा आख्खा भाग एकदम गप्प होतो. घास अर्ध्यावर थांबतात. सगळ्यांच्या नजरा गल्ल्याकडे. मालक काहीच बोलत नाही. तो फक्त फळ्याकडे बघतो. पुढच्या रविवारी फळ्यावरचा थाळीचा आकडा ओल्या फडक्याने पुसलेला असतो आणि त्या जागी नवा.

तेव्हा मुंबईकरांनो, पुणेकरांनो, जरूर या. साडेबाराच्या आत या, कारण दीडनंतर सुरमई संपते आणि मग बांगडाच कसा पौष्टिक हे ऐकून घ्यावं लागतं. एसीत बसा, साइज विचारा, सोलकढी तीनदा मागा. बिल बघून फार आनंद झाला तर तो तोंडावर दिसू देऊ नका. जमल्यास किंचित कपाळाला आठी घाला आणि गल्ल्यापाशी एवढंच म्हणा, "बरं होतं. जरा महाग आहे."